तलवारीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

पत्राचा गोषवारा: सातारा जिल्ह्यात माहेर असलेल्या आणि पुण्यात शिक्षिका असलेल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत गोधडीत गुंडाळलेली एक जपानी तलवार आहे. तपकिरी रंग दिलेलं पत्र्याचं म्यान, त्याला एकच कडी, मुठीवर गुंफलेली तपकिरी फीत, फितीखाली पांढरी खरखरीत कातडी आणि पितळी भागांवर उठावाची फुलं. चुलत भावाने मूठ उपसली तेव्हा आत कोरलेली अक्षरं दिसली. मुंबईच्या एका अँटिकवाल्याने फोटोवरून ते नाव 'कानेमोतो' असं वाचलं. हा पाचशे वर्षांपूर्वीचा नामांकित कारागीर आहे, तलवार काही लाखांना घेतो, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या एका जाणकाराच्या मते लष्करी मूठ-म्यान म्हणजे कारखान्यातला माल, भंगारच. भावाला विकायची आहे, काकांना खंडेनवमीच्या आत ती घासून चकचकीत करायची आहे. वाचक भगिनी विचारतात: कारागीर नक्की कोण हे कसं शोधायचं? जपानला पाठवून दाखला आणता येईल का? आणि तलवार कारखान्यातली निघाली, तर 'जपानी जनरलशी समोरासमोर लढून मिळवली' ही आजोबांची गोष्ट खोटी ठरते का?

ताई,

तुमचे प्रश्न मी तुमच्या क्रमाने घेत नाही, कारण खंडेनवमी तोंडावर आली आहे आणि काका ब्रासोची बाटली आणून बसलेत असं तुम्ही लिहिलंय. ती बाटली आधी लपवा. पात्याला ब्रासो, पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, राख यातलं काहीही लावायचं नाही. जपानमध्ये पात्याला झिलई देणं हा वेगळा पेशा आहे. तो कारागीर एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर आठवडेच्या आठवडे एकच पातं घासत असतो, आणि पोलादाचा पोत, धारेजवळची नक्षी हे सगळं त्यातूनच दिसू लागतं. काकांच्या एका दुपारच्या मेहनतीत ते कायमचं जाईल.

मुठीच्या आत जाणारा भाग (पात्याचं शेपूट म्हणा; जपानीत नाकागो) याला तर हातही लावू नका. तिथल्या गंजाच्या रंगावरून पात्याचं वय अजमावतात. तो खरवडला की मोठ्यातला मोठा जाणकारही हात वर करील.

मग पूजा कशी करायची? करा की. फक्त पातं म्यानातच राहू दे आणि हळद-कुंकू, फूल म्यानाला वाहा. ओलं कुंकू पोलादावर रात्रभर राहिलं तर सकाळी त्याखाली गंजाचा ठिपका तयार असतो. पुसायचंच असेल तर मऊ सुती कापड घ्या आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. पात्याला उघडं बोट लावू नका, घामाचा ठसा पोलादात उतरतो. आणि एक विचारायचं राहिलं: भावाने मूठ उपसली तेव्हा काढलेली बांबूची खुंटी परत बसवली ना? तेवढ्या एका खुंटीवर पातं मुठीत अडकलेलं असतं. ती नसेल तर तलवार उचलणाऱ्याच्या पायावर पातं येईल. इतर सगळं नंतर, पण हे आजच बघा.

आता त्या दोघांच्या निदानाकडे वळू. एकाने नाव वाचलं आणि पाचशे वर्षं मागे गेला. दुसऱ्याने कपडे पाहिले आणि भंगारात काढली. मूळ पात्याकडे दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही.

दुसऱ्याचं म्हणणं आधी घेऊ. तुम्ही वर्णन केलेली मूठ आणि म्यान हे जपानी भूदलाच्या अधिकाऱ्यांसाठी १९३८ साली ठरवलेल्या नमुन्याशी जुळतं. त्याआधी १९३४ चा नमुना होता, त्याच्या म्यानाला सहसा दोन कड्या असत. त्याहीपूर्वीचे लष्करी नमुने युरोपीय सेबरच्या धर्तीचे, हाताभोवती कमान असलेले. १८७६ साली जपान सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली आणि सैन्याचा थाट पाश्चात्त्य केला. तिसाव्या दशकात राष्ट्रवादाची लाट आली आणि जुन्या 'ताची'सारखी (सामुराईंची कमरेला लटकवायची लांब तलवार) दिसणारी तलवार अधिकाऱ्याच्या कमरेला परत आली. हे अधिकारी आपली तलवार बहुधा स्वतःच्या पैशाने घेत. १९३७ पासून चीनशी उघड युद्ध सुरू झालं तशी मागणी एवढी वाढली की गिफू प्रांतातल्या सेकी या गावात, जिथे शतकानुशतकं तलवारी घडत आल्या, तिथे पात्यांचा घाऊक धंदा उभा राहिला. त्यामुळे लष्करी साजातली पाती बहुतेक याच काळातली असतात. इथपर्यंत त्या जाणकाराचं बरोबर आहे.

पण सगळीच तशी नसतात. घरात आजा-पणजाची तलवार असेल तर तो तरुण अधिकारी तीच काढायचा, तिला नियमाप्रमाणे नवी मूठ आणि नवं म्यान चढवायचा आणि मोहिमेवर निघायचा. म्हणून तीनशे, चारशे वर्षांची पाती फुलाफुलांच्या पितळी साजात सापडली आहेत. शिवाय युद्धकाळात काही मोजके कारागीर जुन्याच पद्धतीने, वाळूतल्या लोखंडापासून भट्टीत काढलेल्या पोलादाचं, घडीवर घडी घालून पातं घडवत होते. तोक्योच्या यासुकुनी देवळाच्या आवारात १९३३ पासून युद्ध संपेपर्यंत अशी एक भट्टी चालू होती. अशी पाती आज आदराने जपली जातात. तेव्हा मूठ-म्यान पाहून एवढंच कळतं की हे पातं या कपड्यांत कधी गेलं. ते जन्मलं कधी, हे त्यातून कळत नाही.

(ज्या वाचकांच्या तलवारीची मूठ ओतीव धातूची आहे, फितीची नक्षी नुसती साच्यातून उठवलेली आहे आणि पात्यावर मुळाशी यंत्राने ठोकलेला क्रमांक आहे, त्यांनी कारागीर शोधत बसू नये. ती १९३५ च्या नमुन्याची, नाईक-हवालदारांच्या दर्जाच्या जपानी सैनिकांना सरकारने दिलेली तलवार. तिच्यावर सही नसतेच. क्रमांक मात्र जपून लिहून ठेवा.)

आता नावाकडे. आपल्याकडची फिरंग आठवा. मराठ्यांनी युरोपातून आलेली पाती वापरली, ती नावाजली, आणि मग जेनोआच्या पात्यावर असणारी कोयत्यासारखी खूण इथलेच लोहार इथल्याच पात्यावर ठोकू लागले. गिऱ्हाईक खूण बघून पैसे मोजत होतं, मग खूण ठोकायला काय जातं? जपानमध्ये हा उद्योग कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालला. खोट्या सहीला तिथे 'गिमेई' असं रूढ नावच आहे. नागासोने कोतेत्सु या सतराव्या शतकातल्या कारागिराच्या सह्यांबद्दल तर जाणकारांची सुरुवातच 'ही खोटी असणार' इथून होते. जितकं नाव मोठं तितका संशय जास्त.

त्यात 'काने' या अक्षराने सुरू होणारी नावं म्हणजे सेकीच्या परंपरेची वहिवाट. कानेमोतो, कानेसादा, कानेनोबू, कानेत्सुगू, कानेमिची, अशी कितीतरी. शिवाय एकच नाव पिढ्यान् पिढ्या चालतं, आणि एकाच पिढीत दोन वेगळे कारागीरही ते लावतात. तुम्ही पेन्सिलने उतरवून पाठवलेल्या अक्षरांत मला वरून खाली 'नोशू सेकी जू' एवढं बरंचसं खात्रीने लागतं. म्हणजे मिनो प्रांतातल्या सेकीचा रहिवासी. पुढे 'काने'. त्यानंतरचं अक्षर तुमच्या चित्रात अर्धं गंजाखाली आहे. तिथे 'मोतो' वाचणाऱ्याने ते डोळ्यांनी वाचलं की इच्छेने, सांगता येत नाही. शेवटचं अक्षर 'साकु', म्हणजे 'याने केली'.

समजा 'मोतो' असेलही. ज्याच्या नावावर लाखोंचा भाव सांगितला जातोय तो सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला मागोरोकु कानेमोतो. त्याच्या सह्या बहुतांशी नुसत्या दोन अक्षरी, 'कानेमोतो' एवढ्याच. गाव लिहायचंच झालं तर आकासाका. तुमच्याकडची लांबलचक पत्त्यासकट सही त्याच्या वळणाची नाही, उलट विसाव्या शतकातल्या सेकीच्या धाटणीची वाटते. धारेलगतची तीन-तीन सुरूच्या शेंड्यांसारखी नक्षी ही त्याची ओळख, आणि अँटिकवाल्याने त्याच नक्षीकडे बोट दाखवलं असं तुम्ही लिहिलंय. पण सेकीच्या युद्धकालीन पात्यांवर तीच नक्षी सर्रास काढत. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. आधी बाकी सगळं पाहायचं, आणि मग नाव त्याच्याशी जुळतं का ते तपासायचं. हे काम घरी, फारसा खर्च न करता, एका दुपारी होण्यासारखं आहे.

मोठ्या टेबलावर जाड चादर अंथरा. लहान मुलांना बाहेर पाठवा. खुंटी लाकडाच्या किंवा पितळेच्या बारीक दांडीने, हलक्या हाताने ठोकून बाहेर काढा. ती एका बाजूला किंचित निमुळती असते, निमुळत्या बाजूने ठोकायची. काही मुठींना दोन खुंट्या असतात. मग धार वरच्या बाजूला, आपल्यापासून लांब ठेवून, डाव्या हाताने मूठ धरा, पातं किंचित तिरपं उभं करा आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके द्या. पातं आपोआप सैल होतं. हातोडी नको, पकड तर नकोच. निघालं नाही तर सोडून द्या, ऐंशी वर्षं अडकलेलं आणखी थोडं अडकून राहील.

मूठ निघाली की सुट्या होणाऱ्या पितळी चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून फोटो काढा. त्यांच्यावर बारीक आकडे ठोकलेले असतात. तेच आकडे शेपटावर पांढऱ्या किंवा लाल रंगात दिसले तर ते जुळवणीचे आकडे, साज याच पात्यासाठी बसवला गेला होता आणि नंतर अदलाबदल झालेली नाही, असं समजा. तुमच्या पत्रातला 'पांढरा नंबर' तोच असावा. त्याचा कारागिराशी काही संबंध नाही. तरीही पुसू नका.

आता शेपूट नीट बघा. जुन्या पात्यांचा गंज गडद, जवळजवळ काळपट चॉकलेटी, गुळगुळीत आणि सगळीकडे एकसारखा असतो, आणि कानशीचे ओरखडे त्यात विरघळल्यासारखे दिसतात. युद्धकालीन शेपूट फिकट, कधी राखाडी, ओरखडे कालच मारल्यासारखे टोकदार. खुंटीचं भोक बघा. ड्रिलने पाडलेलं भोक नेमकं गोल आणि सरळ असतं, पूर्वी ठोकून पाडलेलं थोडं वाकडंतिकडं. जास्तीची भोकं असतील तर पातं कधीतरी आखूड केलं असेल किंवा नव्या मुठीला जुळवून घेतलं असेल. अक्षरांच्या खाचेत भिंग लावून पाहा. बाहेरचा गंज काळा आणि खाचेतला लालसर असेल, तर नाव मागाहून घातलंय.

मग अक्षरांच्या वर, पात्याच्या मुळाशी बसणाऱ्या पितळी पट्टीच्या (हाबाकीच्या) अगदी खाली, शेंगदाण्याहून लहान असा एखादा शिक्का आहे का ते शोधा. गोलात बसवलेलं, दाराच्या दोन झडपांसारखं दिसणारं अक्षर असेल तर ते 'सेकी'. फुलासारख्या चौकटीत 'शो' ('शोवा' या राजवटीच्या नावातलं पहिलं अक्षर) असेल तर तोही तपासणीचाच शिक्का. हे शिक्के युद्धकालीन, जुनी पद्धत पूर्णपणे न पाळता केलेल्या पात्यांवर मारत. असा शिक्का दिसला की सोळावं शतक संपलं, अँटिकवाल्याला चहा पाजून निरोप द्या. पाच टोकांची चांदणी दिसली तर मात्र थांबा. ती लष्कराने मान्यता दिलेल्या, जुन्या पोलादाचं काम करणाऱ्या कारागिरांच्या पात्यांवर असे, आणि तिची गोष्ट वेगळी होते.

आणि दुसरी बाजू. ताई, तुम्ही एकाच बाजूचा फोटो पाठवलात! सहीच्या उलट अंगाला बऱ्याचदा तारीख असते, आणि तारीख वाचायला जपानी यावं लागत नाही. दहासाठीचं अक्षर आपल्या बेरजेच्या चिन्हासारखं असतं. एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्याच आडव्या रेघा. शोवा कालगणनेचा (सम्राट हिरोहितोच्या राजवटीच्या वर्षांचा) आकडा मिळाला की त्यात १९२५ मिळवायचे: शोवा १७ म्हणजे १९४२, शोवा १८ म्हणजे १९४३.

फोटोत गंजलेली अक्षरं नीट येत नाहीत, म्हणून ठसा घ्या. बटर पेपरसारखा पातळ कागद शेपटावर घट्ट धरा, चिकटपट्टी लावायचीच तर ती पात्याला न लावता कागद मागे वळवून कागदालाच लावा. मऊ, ४बी-६बीची पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने हलकी फिरवत न्या. अक्षरं पांढरी उठतात, आणि कानशीचे ओरखडे, भोकाची कड सगळं कागदावर येतं. जपानी अभ्यासकही पिढ्यान् पिढ्या असेच ठसे घेत आले आहेत. दोन्ही बाजूंचा घ्या. पुण्यात जपानी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना तोटा नाही. त्यांच्यापैकी कुणाला ठसा दाखवा, पण आधीच 'इथे कानेमोतो लिहिलंय ना?' असं विचारू नका. कोरा कागद पुढे ठेवा आणि काय लागतं ते सांगू द्या. छिन्नीने कोरलेली अक्षरं छापील अक्षरांपेक्षा वेगळी दिसतात, पाटीवरचं जपानी सराईतपणे वाचणाराही अडखळेल. दोघा-तिघांचं वाचन स्वतंत्रपणे जुळलं तर पुढे जा.

राहिलं पातं. खोलीतले दिवे बंद करून एकच पिवळा बल्ब लावा, पात्याचं टोक बल्बच्या रोखाने धरा आणि हळूहळू तिरपं करत जा. जपानी पात्याला पाणी देताना धारेवर पातळ आणि बाकी पात्यावर जाड मातीचा लेप देतात, म्हणून धार कडक आणि पाठ लवचिक राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर पांढरट पट्टा उठतो. खऱ्या पाण्यात विझवलेल्या पात्याच्या त्या सीमेवर धुक्यासारखा थर आणि कधी दंवबिंदूंसारखे चमकते कण दिसतात. युद्धकाळात घाऊक पाती तेलात विझवत, कारण पाण्यात पातं तडकण्याचा धोका मोठा. त्यांची सीमा सपाट, निर्जीव दिसते. पोलादात लाकडासारखे पदर दिसतात का तेही पाहा. हे डोळ्याला सवय झाल्याशिवाय नीट कळत नाही, तेव्हा याच्यावर एकट्याने निकाल देऊ नका. पण शिक्का, तारीख आणि गंज काय म्हणतात त्याच्याशी ताडून बघायला उपयोग होतो.

आता, 'कारागीर नक्की कोण' या प्रश्नातच एक गृहीतक आहे: एक तलवार, एक माणूस. सेकीच्या युद्धकालीन पात्याला ते लागू पडेलच असं नाही. एकाने घण मारला, दुसऱ्याने आकार दिला, तिसऱ्याने विझवलं, आणि नाव कोरणारा छिन्नीवाला तर कित्येकदा निराळाच, दुकानाच्या वतीने दिवसभर नावंच घालणारा. तुम्हाला नाव मिळेल, त्या नावाचा नोंदलेला सेकीचा लोहारही बहुधा मिळेल. पण त्याच्या स्वतःच्या हाताने या पात्याला किती स्पर्श झाला हे त्या नावात नसतं. हे कळल्यावर अनेकजण हिरमुसतात. मला स्वतःला त्या अनामिक छिन्नीवाल्याबद्दल जास्त कुतूहल वाटतं, पण तो माझा दोष.

आजोबांच्या गोष्टीकडे येतो. तुम्ही धरून चाललात की तलवार जुनी, नामांकित असेल तरच आजोबा खरे. मला उलट दिसतं. १९४२ ची, सेकीची, साधी अधिकाऱ्याची तलवार हीच तर ब्रह्मदेशात-मलायात लढणाऱ्या जपानी लेफ्टनंट-कॅप्टनच्या कमरेला असायची. तशी निघाली तर गोष्ट जमिनीवर येते, खोटी ठरत नाही. 'जनरल' हा शब्द मात्र मी सोडून देईन. जनरलांच्या तलवारी कुठे गेल्या याची नोंद आहे. दोस्तांचे आग्नेय आशियातले सरसेनापती माउंटबॅटन यांनी हट्टच धरला होता की जपानी अधिकाऱ्यांनी शरण येताना सर्वांदेखत तलवार हातात द्यायची. आग्नेय आशियातल्या जपानी फौजांचा सरसेनापती तेराउची याने ३० नोव्हेंबर १९४५ ला सायगावात आपल्या दोन तलवारी त्यांना दिल्या, त्यातली एक राजा सहाव्या जॉर्जकडे गेली. ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेचा सेनापती किमुरा याची तलवार तिथे लढलेले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी ठेवून घेतली. ती सातारच्या माळ्यावर येण्याची वाट नव्हती. पण खालच्या अधिकाऱ्यांच्या तलवारींचे त्या शरद ऋतूत ढीग लागले होते, आणि त्या ढिगांतून पलटणीतल्या माणसांना आठवण म्हणून वाटल्या गेल्या. लढून मिळवली की ढिगातून मिळाली, हे आजोबांनी कधी सांगितलं होतं, की मागच्यांनी गोष्टीला फोडणी दिली? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, त्यांनी स्वतः नेमके काय शब्द वापरले ते.

आणि मुळात ते कुठे होते हेच आधी शोधा. मराठा पलटण म्हटली की आपण ब्रह्मदेश धरून चालतो. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत चौथी बटालियन होती, हे खरं. पण त्याच वर्षी तिसरी बटालियन इटलीत लढत होती. यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथेच. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी तो मिळवला तो पहिल्या बटालियनमधून. गंमत पुढे आहे. हीच पहिली बटालियन युद्धानंतर, ब्रिगेडियर थिमय्यांच्या २६८ व्या भारतीय ब्रिगेडमधून, थेट जपानमध्ये गेली, दोस्तांच्या ताबा फौजेचा भाग म्हणून. म्हणजे इटली स्टार (इटलीच्या मोहिमेचं पदक) मिळालेल्या, ब्रह्मदेश कधीच न पाहिलेल्या साताऱ्याच्या जवानाच्या ट्रंकेत जपानी तलवार असणं सहज शक्य आहे. भारतीय फौजेचा तळ होता ओकायामा आणि शिमाने या भागांत. ओकायामा म्हणजे जुना बिझेन प्रांत, ओसाफुनेच्या तलवारींचं गाव तिथलंच. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या ज्या जपानी बागेत तुम्ही शाळेच्या सहली नेत असाल, ती याच ओकायामाच्या मैत्रीतून झालेली आहे. शिमानेत तर पूर्वीपासून वाळूतलं लोखंड गाळून तलवारीचं पोलाद काढत, आणि यासुकुनीच्या भट्टीला पोलाद तिथूनच जाई.

तेव्हा ट्रंकेत तलवारीइतकंच इतर कागद शोधा: डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदकं. भारतीय जवानांच्या पदकांवर अनेकदा नाव आणि नंबर कोरलेला असतो, आणि बर्मा स्टार की इटली स्टार यावरून अर्धा प्रश्न सुटतो. नंबर हाती आला की बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे लेखी चौकशी करा, वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून काढा. तलवारीसोबत वरिष्ठांच्या सहीची एखादी चिठ्ठी असेल तर ती लाख मोलाची. मुठीला किंवा म्यानाला बांधलेला कापडाचा, लाकडाचा बिल्ला, मुठीच्या टोकाच्या टोपीवर चांदीचं छोटं कुलचिन्ह असेल तर त्याचा जवळून फोटो घ्या. पात्यावर घडवणाऱ्याचं नाव असतं. वापरणाऱ्याचं असलंच तर अशा जागी. ते मिळालं आणि त्या माणसाचं घर जपानमध्ये अजून असेल, तर तुमच्यापुढे विकणं-ठेवणं यापलीकडचा तिसरा प्रश्न उभा राहील. तो आज सोडवायची गरज नाही.

जपानला पाठवून दाखला आणण्याचं मात्र मनातून काढा. तिथे १९४८ साली स्थापन झालेली तलवारींचं जतन करणारी संस्था आहे, तिचे दाखले जगभर मानतात. पण ते पारंपरिक पद्धतीने घडलेल्या पात्यांनाच मिळतात. घाऊक युद्धकालीन पात्याची जपानमध्ये नोंदणीच होत नाही, आणि नोंदणी नसलेली तलवार तिथे ठेवता येत नाही. दाखला मिळायचा राहिला बाजूला, आजोबांची तलवारच परत यायची नाही. आणि पातं खरंच शंभर वर्षांहून जुनं निघालं, तर आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो, परवानगीशिवाय ते देशाबाहेर नेता येणार नाही. आधी ठसे आणि फोटो पाठवा. युरोप-अमेरिकेत जपानी तलवारींचे चांगले अभ्यासगट आहेत, सेकीत आणि ओसाफुनेत तलवारींची संग्रहालयं आहेत. गंज पसरत असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन विभागाचा सल्ला घ्या, कोपऱ्यावरच्या लोहाराचा नको.

कायद्याचं थोडक्यात. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. घरात ठेवायला परवाना लागतो की नाही हे तुमच्या भागाला कोणती अधिसूचना लागू आहे त्यावर ठरतं. वकिलाला विचारा, स्थानिक पोलीस ठाण्याला वारशाने आलेल्या तलवारीची लेखी माहिती द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. एसटीने पुण्याला आणू नका. आणि भावाला म्हणावं, तलवार हातात धरून स्टेटसला फोटो टाकायचा नाही. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून किती जण कोठडीत गेले ते तो रोज बातम्यांत वाचतच असेल.

भावाशी भांडू नका. तलवार दोघांच्या आजोबांची आहे, त्याचाही हक्क आहे, आणि पैशाची गरज असणं हा काही गुन्हा नाही. पण काय विकतोय हे कळायच्या आधी विकणं त्याच्याही तोट्याचं आहे. व्यापाऱ्याला 'जरा दाखवायला' म्हणून तलवार देऊ नका. बघायचं तर त्याने घरी यावं, आणि कोणत्या पिढीचा कानेमोतो, कशावरून, एवढं सहीनिशी कागदावर लिहून द्यावं. मूठ उपसून, दुसरी बाजू बघून मग लिहा म्हणावं. लिहून द्यायला तो तयार झाला तर तो कागद, दोन्ही बाजूंचे ठसे आणि आजोबांच्या बटालियनचं नाव मला एकत्र पाठवा.